घोडीच्या गळ्यातली घंटा

मी एक जुनी लोखंडी घंटा आहे. देवळातली नव्हे हं, मित्रांनो. देवळातली असते तर चार बरी माणसं तरी नजरेला पडली असती. मी घोडीच्या गळ्यातली, आणि माझी उमेदीची सारी वर्षं एका फौजेत गेली.

केंटकीतल्या एका लोहाराने पत्रा दुमडून, रिबिटं ठोकून मला घडवलं. पहिल्यांदा वाजवून पाहिलं आणि तो म्हणाला, "आवाज गोड नाही, पण बहिऱ्यालासुद्धा ऐकू जाईल." एवढीच काय ती माझी खरी स्तुती. पुढे जी झाली ती ऐकून मला शिसारी आली.

अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या उरावर बसल्या, त्या वसंतात उत्तरेच्या फौजेने आम्हाला विकत घेतलं. आम्हाला म्हणजे मला आणि डीलिया नावाच्या पांढऱ्या घोडीला. फौजेच्या गाड्या खेचरं ओढत. खेचराची आई घोडीच, म्हणून ते घोडीच्या मागे जन्मभर जातं. घोडी दिसली नाही तर तिची घंटा ऐकून जातं. आसूड मारा, शिव्या द्या, घंटेवाचून ते पाण्यात पाय घालणार नाही. आमच्या फौजेत हे स्वयंपाक्यापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

फौज म्हणजे काय, हे मी गळ्यात बसून पाहिलं. झेंडे, पडघम, भाषणं ही पहिल्या महिन्याची चैन. मग चिखल आणि हगवण. बिस्किटं आधी कॉफीत बुडवायची, वर तरंगलेल्या अळ्या चमच्याने काढायच्या, मग खायची. ठेकेदाराने पुरवलेले बूट पहिल्याच पावसात लापशीसारखे झाले, आणि तोच ठेकेदार सेनापतींच्या तंबूत हॅम खायला बसलेला मी पाहिला. सेनापती बदलत राहिले. एकाने जिंकलेली टेकडी दुसरा सोडून द्यायचा, तिसरा तीच घ्यायला पुन्हा माणसं मारायचा. आणि प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात विजयच!

त्यात एक माणूस मात्र माझा होता. जेप्था, डीलियाला सांभाळणारा गाडीवान. गुलामीतून पळून तो फौजेच्या आसऱ्याला आला होता, सोबत धाकटा भाऊ ईनक. ईनक स्वयंपाकी. गाडीचं चाक पायावरून गेलं, आणि तो जखमींच्या गाडीत पडला.

टेनेसीत आमची फौज मार खाऊन मागे सरली. पहाटे धुक्यात नदी ओलांडायची होती. आमच्या पाठीवरच्या टेकडीमागेच शत्रू, म्हणून हुकूम निघाला की जराही आवाज नको. जेप्थाने माझ्या पोटात फडकं कोंबलं. आधी कोण उतरलं? सेनापतींच्या सामानाच्या गाड्या! पितळी पलंग, दारूच्या पेट्या, चिनी मातीची ताटं. त्यांची खेचरं डीलियाच्या शेपटाला नाक लावून पार झाली. जखमींच्या गाड्या मागे राहिल्या. तेवढ्यात धुकं दाटलं. जखमींच्या गाड्यांच्या खेचरांना घोडी दिसेना, घंटा ऐकू येईना. मागच्याच काठावर पाय रोवून ती उभी राहिली.

"साहेब, घोडी परत नेतो. पोरं तिकडे अडकलीत," जेप्था म्हणाला.

कॅप्टन प्रेंटिस, सेनापतींचा खास माणूस, उखडला. "आणि काठाच्या चढावर या गाड्या कोण नेणार? तुझा बाप? घोडी सामानाबरोबर जाईल."

"साहेब, माझा भाऊ आहे हो त्यात."

"भाऊ प्रत्येकाला असतो. चल, हाक."

धुक्यातून ईनकची हाक आली, "दादाऽऽ!" बस, एवढीच. मग कुणीतरी त्याचं तोंड दाबलं असावं.

जेप्थाने फडकं उपसलं, डीलियाला गुडघाभर पाण्यात घातलं आणि माझा पट्टा धरून मला असं बडवलं, असं बडवलं, की रिबिटं निघतात की काय असं मला वाटलं. मीही कसर ठेवली नाही. पलीकडे खेचरांनी कान टवकारले आणि गाड्यांसकट पाण्यात उड्या घातल्या. शत्रूच्या तोफाही जाग्या झाल्या. गोळे पाण्यात पडत राहिले, पण गाड्या एकामागून एक आल्या. शेवटच्या गाडीत ईनक होता. भिजलेला, पण जिवंत.

तुम्हाला वाटेल, जेप्थाला खांद्यावर घेतलं असेल. छे! हुकूम मोडला म्हणून कॅप्टनने त्याला गाडीच्या चाकाला हातपाय ताणून बांधलं. दिवसभर, उन्हात. त्याने वाचवलेली माणसं समोरच गवतावर पडली होती. ती त्याच्याकडे पाहीनात. कुणी कूस बदलली, कुणी टोपी तोंडावर ओढली. पाणी पाजायला एकहीजण उठला नाही; ईनकला तर पाय टेकताच येत नव्हता.

संध्याकाळी सेनापती घोड्यावरून आले. "माझी पोरं मी मागे ठेवली नाहीत!" असं म्हणाले. गवतावरच्या जखमींनी टोप्या उडवून तीनदा जयजयकार केला. ईनक तेवढा गप्प होता. कॅप्टन त्याच्याकडे रोखून पाहू लागला.

चाकावरून जेप्था पुटपुटला, "ओरड रे बाबा. नाहीतर तुलाही बांधतील."

ईनक रडत रडत ओरडला, "सेनापतींचा विजय असो!"

मित्रांनो, त्या युद्धात मी तोफा ऐकल्या, मरणारी माणसं ऐकली. पण त्या आवाजाइतकी किळस मला कशाचीच आली नाही.

आता मी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत असते. खालच्या पाटीवर लिहिलंय की या घंटेच्या युक्तीने सेनापतींनी जखमी जवान वाचवले. शाळेची मुलं येतात, बाई टाळ्या वाजवायला सांगतात, मुलं वाजवतात. जेप्थाचं नाव कुठेच नाही.

जुन्या वस्तूने शेवटी 'आमची नीट काळजी घ्या' म्हणायची रीत आहे. मी नाही म्हणणार. मला खुशाल गंजू द्या. पण कुणाच्या नावाने टाळ्या वाजवायला सांगितलं, तर वाजवण्याआधी एकदा इकडेतिकडे बघा. जवळच चाकाला कुणी बांधलेला असेल. आधी त्याला पाणी पाजा.