तोंडात घास, तरी देवी बोलते

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर सूर्यमाळच्या एका पाड्यावर चला. भर दुपार आहे. आंब्याखाली सारा पाडा दाटीने बसलाय. मध्ये पाटावर बाहेरगावाहून आलेले कमलेशबाबा. गळ्यात झेंडूचे इतके हार, की मानेचा पत्ता लागत नाही. बाबा पुरुष, पण ओठ हलले की आवाज येतो बाईचा. लोक म्हणतात, देवी बोलते.

ढवळूआजाची शेळी हरवली होती. देवी म्हणाली, "भिऊ नको, लेकरा. दवाखान्याची पायरी चढू नको. माझा अंगारा लाव."

"शेळीला?" आजाने विचारले.

"देवीला उलट विचारायचं नाही," बाबामागे बसलेला चेला हरेश म्हणाला. त्याचा एक हात सारखा खिशात.

बारा वर्षांच्या पोशीला हसू आले नाही. तिच्या मांडीवर धाकटा भाऊ रघ्या पाच दिवसांच्या तापाने भाजत होता. मोखाड्याच्या दवाखान्याकडे जाणारी जीप रस्त्यावर उभी होती. पण आई, गंगी, हटून बसलेली : देवीने हो म्हटल्याशिवाय पोर हलवायचे नाही.

गंगीने पदर पसरला. देवी तेच बोलली, शब्दाला शब्द.

पोशी बाबाचे ओठ बघत होती. हे काम तिच्या ओळखीचे. ती आणि मैत्रीण वर्षा मोबाइलवर गाणे लावून नुसते ओठ हलवत आणि व्हिडिओ काढत. परवा गाण्याच्या मध्येच वर्षाने करवंद तोंडात टाकले, तरी गाणारी बाई आपली गातच राहिली. दोघी पोट धरून हसल्या होत्या. आताही वर्षा बाबाचा व्हिडिओ काढत उभी होती.

पोशीने रघ्याला आईकडे दिले आणि फडक्यातली नागलीची भाकरी सोडली.

"बाबा, देवी लांबून आली. तिला घास भरवते."

साऱ्यांनी माना डोलावल्या. बाबांना नाही म्हणायची सोय उरली नाही. पोशीने भलामोठा सुका घास त्यांच्या तोंडात कोंबला आणि लगेच हात जोडले. "देवी, पुन्हा सांग ना. आयेला नीट ऐकू नाही आलं."

घास अजून तोंडातच आहे, हे मागून हरेशला दिसले नव्हते. त्याने खिशात बोट दाबले.

बाबांचे गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि हारांमधून देवी ठणठणीत : "भिऊ नको, लेकरा..."

"जेवताना आमची म्हातारीपण बोलते," ढवळूआजा म्हणाला. "पण तिच्या तोंडातून शितं उडतात."

पोशीने हार बाजूला केले. आत मुठीएवढा स्पीकर बांधलेला. हरेशच्या खिशातल्या मोबाइलवरून बिनतारी आवाज त्यात येत होता, लग्नात गाणी वाजतात तसाच.

गंगी उठली. रघ्याला खांद्यावर टाकून तडक जीपकडे निघाली.

मुलांनो, आवाज कुठून येतो, एवढे विचारायला शिका. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो, ज्याच्या खिशात मोबाइल असतो.

रघ्याला मलेरिया निघाला. औषध लागू पडले, आणि चौथ्या दिवशी तो भात मागू लागला. त्याला पुन्हा दाखवायला नेले, तेव्हा पोशीने काय केले? वर्षाच्या मोबाइलमधली देवीची वाणी लावली, वर्षाला समोर व्हिडिओ काढायला उभे केले, आणि "दवाखान्याची पायरी चढू नको" या शब्दांवर बरोब्बर ओठ हलवत, रघ्याचा हात धरून, दवाखान्याची एकेक पायरी चढली.