फुंकरबाबाची पाल

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल गच्च भरला होता. जागा नाही म्हणून माणसं जिन्यात उभी होती. समोर गादीवर बसलेल्या फुंकरबाबाच्या तळहातावर एक पिवळी, ठिपक्यांची पाल ताठ पडली होती. पोट वर, डोळे मिटलेले. पहिल्या रांगेतल्या शिंपीणबाईंनी तिला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"अगदी गार पडलीय हो! मेलीय!"

"देह गार होतो, प्राण नाही," बाबा म्हणाला. "प्राण उंबऱ्यावर उभा असतो. त्याला कुणीतरी या म्हणावं लागतं."

पाल समोरच्या मखमली उशीवर ठेवून तो 'या' म्हणू लागला. एक फुंकर, मग पांढरे केलेले डोळे, मग विश्वाच्या लहरी, पुन्हा फुंकर. दहा मिनिटं हे गुऱ्हाळ चाललं. आणि पालीची शेपटी हलली. मग पुढचा पाय. मग तिनं मान उचलून आमच्याकडे पाहिलं. माणसं ओक्साबोक्शी रडायला लागली. माझ्या अंगावरही काटा आला, पण तो किळस येऊन.

कारण रडणाऱ्यांत माझी थोरली बहीण होती. ताईला फिट यायच्या. गोळ्यांमुळे अकरा वर्षं एकही आली नव्हती. मागच्या आठवड्यात हा तमाशा पाहून आली आणि तिनं गोळ्या बंद केल्या. "मेलेल्याला उठवणाऱ्याला माझ्या डोक्यातली एक शीर जड जाणार आहे का रे?" परवा कपडे वाळत घालताना ती गच्चीत कोसळली, कठड्यापासून दोन हातांवर. बाबा म्हणाला, रोग बाहेर पडतोय. हे ऐकून आज मी तिच्याबरोबर आलो होतो.

आता माझं सांगतो. मी फ्रीज दुरुस्त करतो. ताईची मुलगी शिकायला परगावी गेली, तेव्हा तिनं तिची पाळलेली पाल माझ्या गळ्यात मारली. ताई पालीच्या नावानंच किंचाळते, मग उरला कोण, तर मामा. ती पालही अशीच पिवळी, ठिपक्यांची, जाड शेपटीची. आमच्या धंद्यात नाजूक माल गारव्यात ठेवतात. म्हणून मी शहाण्यानं पहिल्याच रात्री तिची पेटी चाचणीला लावलेल्या एसीसमोर ठेवली. सकाळी पाल लाकडासारखी. आता भाचीला काय तोंड दाखवू, या विचारात मी तिला कागदावर घेतलं आणि चालू फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळ ठेवून खोकं शोधायला गेलो. परत येतो तर बाईसाहेब टकामका माझ्याकडे बघतायत!

त्यानंतर मी पंधरा दिवस पालींबद्दल वाचत होतो. प्राण्यांच्या डॉक्टरणीला इतके फोन केले की ती वैतागली. तिनं सांगितलं, "अहो, पालीला स्वतःची ऊब नसते. ती बाहेरून घेते. पेटीची एक बाजू बत्तीस अंशांपर्यंत गरम ठेवा, दुसरी थोडी थंड. तिला हवं तिथं ती जाईल. फार गारठली तर मेल्यासारखी पडते. आणि पुन्हा असं केलंत, तर खरंच मरेल."

म्हणून मी त्या हॉलमध्ये पालीकडे बघतच नव्हतो. मी बाबाच्या मागच्या नक्षीदार पेटीकडे बघत होतो. पाल त्यातूनच निघाली होती, आणि पेटीखालची सतरंजी ओली होती. बाहेरून दंव धरलेला डबा मी जन्मभर पाहत आलोय.

मी उठलो. "बाबा, उशी जरा उचलता?"

"अश्रद्ध नजरेनं लहरी तुटतात, बाळा."

"तुटू देत." मी पुढे होऊन पालीसकट उशी उचलली. खाली गरम पाण्याची रबरी पिशवी होती. कंबर दुखली की आपण घेतो तीच. मग मी पेटी उघडली. आतून थर्मोकोल, त्यात बर्फ, आणि फडक्यात गुंडाळलेल्या पाच पाली.

दोन गारठल्या होत्या. तीन मेल्या होत्या. पोटं खपाटीला गेलेली, उशीच्या चटक्यांनी कातडी काळी पडलेली. असा वास सुटला की पहिली रांग नाकाला पदर लावून मागे सरकली. मी मेलेल्यांतली एक उचलून उशीवर ठेवली.

"ही उठवा. दहा मिनिटं नको, तासभर घ्या. पिशवी पण ठेवा, फुंकर तुमचीच."

बाबा घामाघूम झाला. "हिची वेळ भरली होती..."

"असू दे हो," मागून खालच्या दुकानाचा मालक म्हणाला. "लोकांच्या भावना दुखावतात." हॉलचं भाडं त्यालाच मिळत होतं.

तेवढ्यात ताई पुढे आली. पालीच्या नावानं किंचाळणाऱ्या माझ्या ताईनं ती मेलेली पाल ओंजळीत घेतली आणि बाबासमोर धरली. बराच वेळ धरली.

"उठत नाहीये रे," ती मला म्हणाली.

"नाही उठणार, ताई."

तिनं पाल हळूच खाली ठेवली, पदरानं हात पुसले. "चल, आधी डॉक्टरांकडे. आठ दिवसांच्या गोळ्या चुकल्यात."

जिवंत उरलेल्या तिन्ही पाली, उशीवरची एक आणि पेटीतल्या दोन, आज भाचीच्या पालीशेजारी, वेगवेगळ्या पेट्यांत, माझ्या दुकानात आहेत. त्यांना हात जोडणारं गिऱ्हाईक आलं, की मी त्याला तापमापक दाखवतो.

चमत्कार बघायला जरूर जा. पण डोकं बरोबर न्या आणि उशी उचलायला सांगा. उठलेली पाल ते आपणहून दाखवतील. न उठलेल्या कुठे ठेवल्यात, ते तुम्ही विचारा.