वेगळ्या हिरव्याची बाही

औशात बायकांचे कपडे शिवणारे कमी नाहीत, पण सिनेमा ऐकल्याशिवाय माप न घेणारी एकच, बानो. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक मशीन, एक दिवाण, आणि भिंतीवर टांगलेले, कुणाच्या ना कुणाच्या लग्नाची वाट बघणारे ब्लाउज. गळ्यात टेप अडकवली की बानो विचारणार, "काय पाह्यलं एवढ्यात?" मग समोरची बाई हात पसरून उभी राहायची आणि सिनेमा सांगायला लागायची. गिऱ्हाइकांनाही ते आवडायचं. घरात त्यांचं मत विचारतंय कोण? आमटी कशी झालीय एवढं सांगायलाही ज्यांना फुरसत नसते, ते नवरे बायकोला सिनेमा कसा वाटला म्हणून विचारणार होय!

बानो स्वतः मात्र काही बघत नसे. कहकशां गेल्यापासून घरातल्या टीव्हीवर चादर पडली होती. कहकशां तिची एकुलती एक लेक. दुपारी मायलेकी दिवाणावर पाय वर घेऊन बसायच्या आणि गोष्ट राहिली बाजूला, हिरोइनीच्या गळ्यातल्या आणि बाह्यांतल्या चुका काढत हसायच्या. मग पोरीचं लग्न ठरलं. तिला ते नको होतं. तिला नर्सिंग शिकायला हैदराबादला जायचं होतं. मंगनीच्या आदल्या दिवशी दोघींचं कडाक्याचं वाजलं, बानो नाही नाही ते बोलली, आणि मंगनीसाठी शिवलेला पोपटी कुर्ता अंगावर असतानाच पोर घरातून निघून गेली.

पोलिसांत नोंद झाली. बानोचा नवरा निजामोद्दीन, बसस्थानकासमोर कुलूप-किल्ल्या दुरुस्त करणारा मुक्या स्वभावाचा माणूस, हैदराबादच्या गल्ल्या पालथ्या घालून आला. पत्ता लागला नाही. गावानं काही दिवस तोंडसुख घेतलं आणि मग गाव आपल्या कामाला लागलं. बानोला मात्र एकच ध्यास राहिला. पोर जिवंत आहे का नाही, एवढं तरी कुणी सांगावं. त्यालाही आता वर्षं उलटली होती.

आणि एका दुपारी बँकेत नव्यानं लागलेली तनुजा कुर्त्याचं माप द्यायला आली.

"चाची, पिक्चर एकदम बकवास हाय," ती हात पसरता पसरता म्हणाली. "हिरो नुसता गॉगल लावून चालून राहिला. इंटरव्हलनंतर तर मी पापड तळायला उठले. पर एक डिझाइन पाह्यलं, तस्सं मला शिवून द्या."

"हिरोइनीचं का?"

"न्हाई हो. गाण्यात मागं गर्दी हाय ना, त्यात एक पोरगी उभी हाय. पोपटी कुर्ता, आन् डाव्या बाहीला कोपराच्या खाली गडद हिरवं. एकाच बाहीला! नवी फॅशन असंल."

बानोच्या हातातली टेप निसटली. ती फॅशन नव्हती. पोपटी कापड फेरीवाल्याकडचा उरलेला तुकडा होता, डाव्या बाहीला पुरेना, म्हणून बानोनंच गडद हिरव्याची जोड दिली होती. ओढणीखाली झाकून जाईल म्हणून पोरीची समजूत काढली होती. असली जोड दुसरा कुठला शिंपी हौसेनं देणार?

"चेहरा कसा व्हता, बेटा?"

"चेहरा कोण बघतंय? कॅमेऱ्याकडं टक लावून उभी हाय येड्यासारखी. सगळे नाचून राहिले, आन् हिला कुणाचा धक्का बी लागत न्हाई. डायरेक्टरला दिसली न्हाई का काय कोण जाणे!"

संध्याकाळी बानोनं नवऱ्याला सगळं सांगितलं. निजामोद्दीननं हातातला घास ताटात ठेवला. मग तो म्हणाला की हैदराबादेत शूटिंगच्या गर्दीसाठी माणसं रोजानं नेतात. एवढंच म्हणाला, पण त्याच्या तोंडावर इतक्या वर्षांत न दिसलेली टवटवी आली. म्हणजे पोर आहे! कुठंतरी खातेपिते, गर्दीत उभी राहते, पण आहे! बानोच्या जिवात जीव आला. तिनं त्या दिवशी शेजारणींना उगीचच शीरखुर्मा पाठवला आणि निमित्त विचारलं तेव्हा हसून टाळलं.

आता तुम्ही म्हणाल, मग तो सिनेमा लावून बघायचा की सरळ. तेच तर होत नव्हतं. बघितला आणि ती दुसरीच कुणी निघाली तर? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ती काडी पक्की आहे का म्हणून कुणी ओढून बघत नाही. बानोनं बघितलं नाही, विचारत मात्र सुटली. येईल त्या बाईला सिनेमा विचारायचा आणि मग हळूच पुस्ती जोडायची, "मागं कोण उभं व्हतं?"

आणि बायका सांगू लागल्या. एकीनं भुताचा सिनेमा पाहिला होता, तिच्या मते त्यात भीतीच नव्हती, फक्त मागे खिडकीत उभी असलेली पोपटी कुर्त्याची पोरगी तेवढी डोक्यातून जात नव्हती. दुसरीनं तेलुगूवरून हिंदीत आणलेला मारामारीचा बघितला होता. त्यात लग्नाच्या मांडवात एक पोरगी खांबाला धरून उभी, सगळे जेवतायत आणि तिला कुणी बस म्हणत नाही. "तेवढं काळजाला लागलं बघा, बाकी पैशे पाण्यात," ती बाई म्हणाली. तिसरीला तर तिचे डोळेसुद्धा आठवत होते. आधी गर्दीत, मग खिडकीत, मग खांबाला, पोरगी दर सिनेमात थोडी जवळ येत चालली होती. बानोनं त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. पोरीला मोठी कामं मिळू लागली असतील, बिचारीला.

निजामोद्दीन पोरीचा फोटो खिशात घालून पुन्हा हैदराबादला निघाला. जाताना त्यानं नवा सदरा घातला. बानो दारात उभी राहून बस वळेपर्यंत बघत राहिली.

त्याच दुपारी नागूबाई आली. बाजारात भाजी विकणारी ही म्हातारी, तोंडात तीळ भिजायचा नाही. टीव्हीवरचे जुने सिनेमे तिचा जीव की प्राण.

"काल माझ्या लहानपणचा शिणेमा लागला व्हता, बानो. बापानं लातूरला नेऊन दावलेला. काय सासू रंगवलीय त्या बाईनं! आताच्या नट्यांना सोन्याचं पाणी दिलं तरी जमायचं न्हाई." ब्लाउजची उसवलेली काख दाखवत ती बोलतच राहिली. "सून रडती तवा जिन्यापाशी एक पोरगी उभी हाय. तिचं काय काम ते शेवटपोत्तर कळलं न्हाई. पर पोपटी कुर्ता लई साजरा दिसून राहिला व्हता."

बानोनं मनात हिशेब केला. नागूबाईच्या लहानपणी बानोचाही जन्म झालेला नव्हता.

"मावशी, एक बाही येगळी व्हती का?"

"हाव की! खाली गडद हिरवी."

"मावशी," बानोनं हळूच विचारलं, "तो शिणेमा रंगीत हाय का?"

"कुठला रंगीत? तवा कुठं आले रंग? काळा-पांढरा..." नागूबाईचं तोंड उघडं राहिलं. ब्लाउज तिथंच टाकून ती पदर सावरत निघून गेली.

निजामोद्दीनला फोन लावायला तिनं मोबाइल उचलला, आणि नवा सदरा घालून बसमध्ये बसलेला तो माणूस डोळ्यांपुढं आला. तिला फोन लावता आला नाही. तिनं दुसराच नंबर लावला, जो लावायचा नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

लुंबिनी सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिचा पांढरा गणवेश आणि तिचा पगार बघूनच कहकशांला नर्सिंगचं वेड लागलं, असं बानोचं मत होतं आणि ते तिनं लुंबिनीला तोंडावर ऐकवलं होतं. तेव्हापासून दोघी रस्त्यात भेटल्या तरी माना वळवायच्या. पण पोर सदा लुंबिनीच्याच मागंमागं असायची, कहकशांचा चेहरा तिच्याइतका ओळखणारं दुसरं माणूस गावात नव्हतं. ड्यूटी संपताच ती आली, जुना विषय काढला नाही, सगळं ऐकून घेतलं. मग नागूबाईनं सांगितलेला सिनेमा तिनं मोबाइलवर शोधला आणि मोबाइल मशीनला टेकवून ठेवला. दोघी दिवाणावर बसल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, भंगारवाला ओरडत चालला होता.

मोठं घर, खाटेवरची सासू, डोळ्यांत पाणी आणून उभी असलेली सून. बानोला सासूसून काही दिसत नव्हतं, ती एकेक दार, एकेक कोपरा धुंडाळत होती. एकाएकी लुंबिनीनं तिचं मनगट धरलं.

"भाभी."

"कुठं?"

"ही काय, जिन्यापाशी."

जिना होता. करडा जिना, मागे करडी भिंत.

"मला न्हाई दिसून राहिली."

"अशी कशी? सगळं काळं-पांढरं, आन् ती एकटी हिरवी हाय भाभी."

बानोनं चष्मा पुसला. मोबाइल उचलून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. जिना आणि भिंत. औशातल्या सगळ्या बायकांना दिसली, ज्यांना तिचं नावही ठाऊक नव्हतं त्यांना दिसली, आणि आईला नाही. रुसलेलं माणूस असंच करतं. साऱ्या गावाला दिसतं आणि ज्याच्यावर रुसलंय त्याच्याच समोर येत नाही.

"तीच हाय का?"

लुंबिनीला वाईट बातम्या सांगायची सवय होती. "तीच हाय."

"बारीक झाली का गं?"

"न्हाई भाभी. तश्शीच हाय. एका दिवसानं बी मोठी झाली न्हाई."

बानोला कळायचं ते कळलं. जित्या माणसाचं वय असं थांबत नाही. तिनं मोबाइल पुन्हा मशीनला टेकवला, नीट, काळजीनं, आणि मग तिला रडू फुटलं. गिऱ्हाईक ऐकेल, शेजार ऐकेल, कशाची पर्वा न करता ती रडली. रडता रडताच त्या रिकाम्या जिन्याकडं बघून बोलली, "आजा बेटा. नै करते मंगनी. नर्स बन, क्या बनना सो बन. कुछ नै बोलती मैं. घर को आजा."

सिनेमातली सासू काहीतरी कडक बोलत होती. लुंबिनीची पकड घट्ट झाली.

"भाभी, तिनं ऐकलं. चालून राहिली. पुढं येऊन राहिली..."

"आता कुठं हाय?"

"आता तिथं न्हाई."

"मग?"

लुंबिनी मोबाइलकडं बघतच नव्हती. तिची नजर बानोच्या पलीकडं, दिवाणाच्या भिंतीकडच्या बाजूला खिळली होती.

बानोनं वळून पाहिलं. तिला एक उशी दिसली आणि कापडाचे तुकडे. तिनं ते तुकडे गोळा करून मांडीवर घेतले आणि जरा सरकून जागा केली.