तासगावचं हवामान

नवीन फोन घरात आला त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी सुखानं बसलेलं नाही. मी तर नाहीच. गॅसवर दूध ठेवलं की लक्ष त्या फोनकडे, दूध उतू जातं, मग मी फोनला शिव्या घालते, आणि आमचे हे मला सांगतात की मुक्या वस्तूला कशाला बोलतेस. मुकी वस्तू म्हणे! मुकी असती तर एक वेळ चाललं असतं. वाजते आणि उचलू देत नाही, हे खरं दुखणं आहे.

आमचे हे म्हणजे हिरामण. पण घरात, गावात सगळे अप्पाच म्हणतात, मीसुद्धा. दिंडोरीच्या पुढे वणी रस्त्याला आमची द्राक्षबाग आहे आणि तृप्ती ही एकच मुलगी. अप्पांचा जुना फोन फार थकला होता, म्हणून नाशिकला जाऊन नवा घेतला. दुकानवाल्यानं चांगलं सांगितलं होतं, काका, नंबर आणि फोटो तेवढे घ्या, बाकी कचरा जुन्यातच राहू द्या. पण अप्पा ऐकतील तर ना! जुन्यातलं सगळं नव्यात पाहिजे, तिळाएवढं मागं राहायला नको, असा हट्ट धरला. शेवटी पुतण्या मयूरनं घरी दोन्ही फोन शेजारी-शेजारी ठेवून इकडचं सगळं तिकडं ओतलं. झालं! नवा फोन जुन्यापेक्षा हळू चालायला लागला.

अक्षर दाबलं की ते चहा पिऊन मग उमटायचं. फोन हातात धरवणार नाही इतका तापायचा. आणि कुणाचा फोन आला की आधी नुसती रिंग, पडदा काळा. मग सावकाश नाव यायचं, मग ते हिरवं गोल. अप्पा त्यावर अंगठा घासायचे, परत घासायचे, आणि ते हलेपर्यंत समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. खतवाल्याचे फोन असे गेले, सोसायटीवाल्यांचे गेले, मला त्याचं काही नाही. पण तीन फोन तृप्तीचे गेले.

तृप्ती शेतीतलं शिकलेली आहे. मागच्या साली छाटणीच्या वेळी ती म्हणत होती की घाई करू नका, परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. अप्पांनी ऐकलं नाही, लवकर छाटणी घेतली, पाऊस आला आणि निम्मे घड कुजले. तिनं सांगितलेलं खरं झालं, तेच अप्पांना सोसलं नाही. मजुरांसमोर तिला म्हणाले की चार बुकं वाचून बाग कळत नसते. तीसुद्धा माझीच पोर, तोंडाला तोंड दिलं आणि पिशवी भरून गेली. आता तासगावला एका कंपनीत आहे, तिकडच्या द्राक्षवाल्यांना सल्ले देते. परक्यांच्या बागा सुधारतेय आणि बापाच्या बागेत पाय नाही. वर्ष होत आलं, दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

त्यात काल सकाळी तिचा माझ्या फोनवर फोन आला. कंपनी तीन वर्षांचा करार पुढे करतेय, हो की नाही ते उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय. मी म्हटलं, बाई, आधी अप्पांशी बोल. ती म्हणाली, तीनदा केला की, त्यांनी ना उचलला ना उलटून केला. मी देवीची शपथ घेऊन सांगितलं की फोन हँग होतो.

"आई, नवा कोरा फोन हँग होतो होय?" ती म्हणाली. "उद्या जेवणाच्या सुट्टीत शेवटचा करीन. उचलला तर बोलू, नाही तर मी सही करते."

अप्पांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, माझ्या फोनवरून लावून देते. नको म्हणाले. मग तुम्हीच तुमच्यावरून करा. तर म्हणाले, फोन चालत नाय. अहो, येणारा उचलता येत नाही, जाणारा तर लागतो ना! त्यावर उठले आणि बागेत निघून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाच्या ताठ्याला ओळंबा लावून बघावा असं मला अजून वाटतं.

आज सकाळपासून मग आमचं घर म्हणजे दवाखाना. अप्पांनी फोन बंद करून चालू केला. कव्हर काढलं, वर चिकटवलेली काच काढली, पंख्याखाली ठेवला. शेजारची झुंबरबाई म्हणाली की नवा फोन गडावर देवीपुढे ठेवून कुंकू लावलं होतं ना, ते भोकांत गेलं असणार. मग काडीला कापूस गुंडाळून अप्पा भोकं कोरत बसले. मी गुड मॉर्निंगची चित्रं पुसायला लावली. काय ते गुलाब, काय ते सूर्य, पुसून बोट दुखलं त्यांचं. फोन आहे तसाच. अप्पा उठायचे, ओट्यापर्यंत जायचे, परत यायचे. मी ताटात भाजी वाढली आणि पोळी द्यायलाच विसरले, त्यांनी नुसती भाजी खाल्ली आणि दोघांनाही ते नंतर कळलं.

शेवटी मी म्हटलं, चला दिंडोरीला, वाल्मीककडे. वाल्मीक माझ्या माहेरचा, स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. अप्पांच्या गाडीवर मी मागे बसले. अप्पांनी वाटेत दोनदा गाडी थांबवून फोन बघितला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागांमधून कात्र्या चालू होत्या, पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या उतरलेल्या, लोकांच्या छाटण्या निम्म्यावर आल्या होत्या. आमच्या बागेला अजून कात्री लागली नव्हती. मयूर रोज विचारतो आणि अप्पा रोज आभाळाचं नाव सांगतात.

वाल्मीकनं आधी तेच पाठ केलेलं सांगितलं. मावशी, नवा फोन सुरुवातीला हळूच चालतो, आतलं सामान लावत असतो. मी म्हटलं, आठवडा उलटून गेला, लग्नघर लावतोय का तो? मग हसला आणि फोन हातात घेऊन आत काय काय चालू आहे ते बघायला लागला. बघता बघता त्याचं हसू थांबलं.

"अप्पा, हे काय? हवामानाचे नऊ ॲप?"

आता आमच्या भागात प्रत्येकाच्या फोनमध्ये हवामानाचं एखादं-दुसरं असतंच. छाटणीच्या दिवसांत माणूस तोंड धुवायच्या आधी फोनात ढग बघतो. एक म्हणतं पाऊस, दुसरं म्हणतं ऊन, मग खरं-खोटं करायला तिसरं घेतात. पण नऊ! वाल्मीकनं समजावून सांगितलं की हे नऊच्या नऊ दिवसभर जागे आहेत, दर थोड्या वेळानं ढग शोधत बसतात, म्हणून फोन तापतो आणि बॅटरी दुपारीच संपते. बॅटरी संपते म्हणून अप्पांनी बॅटरी वाचवायचं बटण दाबून ठेवलंय, आणि त्या बटणानं फोन आणखी मंद झालाय. जुन्या फोनचं दुखणं हेच होतं, तेच आम्ही उचलून नव्यात आणलं. म्हणजे जुना फोनही बिचारा चांगलाच होता म्हणायचा.

एक ठेवा, आठ काढून टाकतो, वाल्मीक म्हणाला. अप्पांनी झटकन फोनवर हात ठेवला. एवढा हात तर त्यांनी कधी माझ्या दागिन्यांवर ठेवला नव्हता. मी म्हटलं, घड्याळ बघा, जेवणाची सुट्टी होईल तिची. तेव्हा कुठे हात निघाला.

कुठलं ठेवायचं ते ठरवायला वाल्मीकनं पहिलं उघडलं. वर मोठ्या अक्षरात नाव होतं, तासगाव. त्यानं दुसरं उघडलं. तासगाव. तिसरं, चौथं, सगळीकडे तासगाव पहिलं. दिंडोरी काहींत खाली बारीक होती, काहींत नव्हतीच.

वाल्मीकनं विचारलं की अप्पा, आपल्याकडचा पाऊस तुम्ही बघता तरी कुठं? अप्पांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, ढग तिकडूनच इकडं येतात. वाल्मीकनं माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघून परत फोनात डोकं घातलं.

मला असा राग आला म्हणून सांगू! ज्या माणसाला पोरीला एक फोन लावायला अंगठा उचलत नाही, तो रोज उठून नऊ ठिकाणी बघतो की ती आज भिजणार का. मी इथं वर्षभर दोघांमध्ये चेंडू झालेली, तिचं ह्यांना सांगते, ह्यांचं तिला सांगते, आणि हे गुपचूप तासगावच्या आभाळाखाली बसलेले. मग रागाचं रडू व्हायला लागलं, तेही भरल्या दुकानात. मी पदर तोंडाला लावून भिंतीवरची कव्हरं बघत राहिले.

"काढ," अप्पा म्हणाले. "सगळेच काढ."

वाल्मीकनं नऊच्या नऊ काढले, ते बॅटरीचं बटण बंद केलं, फोन बंद करून चालू केला आणि स्वतःच्या फोनवरून लावून बघितला. वाजला, नाव आलं, उचलला, सगळं एका दमात. अप्पांनी फोन उलटा-सुलटा करून बघितला. आता त्यात काही खोट राहिली नव्हती आणि त्यांचं तोंड मात्र आणखीनच उतरलं होतं.

आम्ही बाहेर चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसलो. फोन अप्पांच्या मांडीवर. कळवणची एसटी आली, गेली. चहा आला तो गार झाला. अप्पा एक पाय सारखा हलवत होते, त्यानं बाकडं हलत होतं, त्यानं मी हलत होते. मी म्हटलं, पाय तरी धरा. त्यांनी पाय थांबवला आणि बोटं वाजवायला लागले.

आणि फोन वाजला. लगेच पडदा उजळला, लगेच नाव आलं, तृप्ती. खाली हिरवं गोल. अप्पांचा अंगठा त्याच्यावर जाऊन थांबला. टेकायचा तेवढा बाकी होता. फोन वाजत राहिला आणि अंगठा तसाच अधांतरी. मी हात पुढे केला होता. मग वाटलं, वर्षभर हेच तर करत आले मी, आणि हात मागे घेतला. जीव कसा मुठीत धरला ते माझं मला माहीत. फोन थांबला.

टपरीवाला चहात साखर ढवळत होता. अप्पांनी फोन परत मांडीवर ठेवला.

"काय बोलू तिला?" ते म्हणाले. "कुठून बोलायला लागू?"

इतक्या वर्षांत ह्या माणसानं मला पहिल्यांदा काही विचारलं असेल. मला कीव आली, पण मी ती दाखवली नाही.

"फोन बरा झाला अप्पा," मी म्हटलं. "आता त्याचं नाव सांगू नका. पोरगी सही करायला निघाली आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फोन उचलला, तोंडासमोर आडवा धरला, जसा ते नेहमी स्पीकरवर धरतात, आणि स्वतः लावला. तिकडून उचलला गेला, पण कुणी हॅलो म्हटलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

"दुपारून तिकडं पाऊस हाय," अप्पा म्हणाले. "छत्री घेतली का?"

तिकडं खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"इथं कडक ऊन पडलंय, अप्पा."

नऊच्या नऊ खोटे! अप्पा गोंधळले. मला हसू यायला लागलं आणि डोळेही भरले, काय करावं कळेना. तिनं विचारलं की पाऊस आहे असं कुणी सांगितलं. अप्पा म्हणाले, मोबाइलमधी होतं. आता त्यांच्या मोबाइलमध्ये पावसाचा थेंबसुद्धा नव्हता, सकाळचं बघितलेलं पाठ होतं त्यांना.

मग तीच हळूच म्हणाली, "छाटणी घेतली का?"

"नाय."

"सगळ्यांच्या निम्म्या झाल्या असतील. तुम्ही कधी घेताय?"

अप्पांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. समोर एसटीत माणसं चढत होती, त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेलं, आता हा माणूस परत आभाळाचं नाव सांगणार.

"तू सांग," ते म्हणाले. "मागच्या साली तुझंच बरोबर होतं. मला तवाच कळलं होतं. बोलता आलं नाय."

तिकडून काहीच आवाज येईना. फोन परत हँग झाला की काय म्हणून मी वाकून बघितलं. नव्हता झाला. ती नाक ओढत होती. मग घसा साफ केला, अगदी बापासारखा, आणि तिच्या त्या शहाण्या आवाजात विचारलं की वरच्या प्लॉटमधल्या वेलींची काडी किती पिकली आहे. अप्पा घाईघाईनं म्हणाले, आता घरी जाऊन फोटो टाकतो, फोन चांगला चालतोय.

"फोटोवरून नाही कळत अप्पा. काडी हातात घ्यावी लागते, तिच्यावरचा फुटायचा डोळा कापून आत घड बघावा लागतो."

"मग ये," अप्पा म्हणाले. "तू आल्याबिगर बागेला कात्री लागत नाय."

ती येते म्हणाली. नुसतं तेवढंच, येते. अप्पांनी फोन ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही, आणि सहीचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. मी टपरीवाल्याला गार चहा टाकून द्यायला सांगितला आणि दोन गरम मागवले.