बंद लिफाफ्यातला सरकारी प्रसाद

"फोडा!" ऋद्धानंद महाराजांनी हुकूम सोडला, आणि लातूरच्या औसा रोडवरच्या त्या मांडवात चारशे माणसांनी श्वास रोखून धरला.

अवधूतरावांनी लिफाफ्याचा लाल दोरा सोडला. आतल्या चिठ्ठीवर महाराजांच्या अक्षरात आकडा होता, एक हजार सहाशे पन्नास. मग त्यांनी आयकर खात्याकडून आलेला चेक सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. रक्कम तीच! चिठ्ठी दहा महिन्यांपूर्वी लिहिलेली, चेक कालच्या टपालाने आलेला. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी जयघोष केला आणि पुढच्या रांगेतल्या एका डॉक्टरसाहेबांच्या डोळ्यांना तर धाराच लागल्या.

"देवाला दिलेलं कुठं जात नसतं, बाळांनो," महाराज गादीवर रेलून म्हणाले. "मी नुसता डोळे मिटतो आणि सांगतो, अरे सरकारा, माझ्या लेकराचं परत कर! तिकडं दिल्ली हलते. इकडं पोस्टमन दारात येतो!"

महाराजांच्या संस्थेच्या नियोजित वसतिगृहासाठी अवधूतरावांनी दिले होते अकरा हजार. आले साडेसोळाशे. मधले नऊ हजार साडेतीनशे कुठे गेले, हा प्रश्न मांडवात एकालाही पडला नाही. आणि मांडवात काय अडाणी माणसं होती? मास्तर, इंजिनियर, बँकेतले साहेब. त्या वर्षांत लातूर साऱ्या महाराष्ट्राच्या पोरांना मार्क कसे मिळवायचे ते शिकवत होतं, आणि शिकवणारे इथे लिफाफे घेऊन रांगेत बसले होते.

शेवटच्या रांगेत अवधूतरावांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई बसल्या होत्या. त्या कॉलेजात मुलांना हिशेबशास्त्र शिकवायच्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता.

घरी आल्या आल्या त्यांनी तोंड उघडलं. "अहो, यात चमत्कार कसला? नोंदणी झालेल्या संस्थेला दान दिलं की निम्म्या रकमेवर कर माफ होतो. कायदाच आहे तसा. कॉलेजने तुमच्या पगारातून पूर्ण कर कापला होता, तो जास्तीचा तेवढा परत आला. उद्या एखाद्या अनाथाश्रमाला दिले असते तरी हेच झालं असतं."

"मान्य," अवधूतराव शांतपणे म्हणाले. "पण आकडा? रुपयाचाही फरक नाही. तो महाराजांना दहा महिने आधी कसा कळला? सांग ना!"

चंद्रप्रभाबाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. आकडा खरंच तोच होता, आणि तेच त्यांना झोंबत होतं.

दोन दिवसांनी केवळाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. निलंग्याकडच्या खेड्यातली ही शेतकरी बाई. भूकंपात घर पडलं, माणसं गेली. उरली ती एक मुलगी, वर्षाराणी. बारावीच्या अभ्यासाला ती चंद्रप्रभाबाईंकडेच वरच्या खोलीत राहत होती. पोरगी हुशार होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. क्लासची फी अठरा हजार, आणि भरायची शेवटची तारीख सोमवार.

"बाई, सरकारचा चेक अजून आला न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "महाराज म्हनले हुते, फीच्या तारखेच्या आत समदं परत येतंय, वर पुन्य बी लागतंय म्हनून. म्या दोन म्हशी इकून पैसे आनलते. सगळे त्येंच्या पायावर ठिवले."

"सगळे? कुणी सांगितलं तुम्हाला?"

केवळाबाईंनी अवधूतरावांकडे पाहिलं. "सरच घिऊन गेलते की. सरांचे आले, मंग माजे कामून येनार न्हाईत?"

अवधूतरावांनी मान खाली घातली. चंद्रप्रभाबाईंना नवऱ्याचा इतका राग कधीच आला नव्हता. त्यांनी कपाट उघडलं आणि नवऱ्याचे कागद खाली ओढायला सुरुवात केली. तासाभराने आयकराच्या विवरणपत्राची प्रत हाती लागली. तळाशी एक रकाना होता, परत मिळण्याची रक्कम. त्यात टाइप केलं होतं, १६५०.

"हा फॉर्म कुणी भरला?"

"यज्ञेशने. महाराजांचा शिष्य आहे, कर सल्लागार. भक्तांचे फॉर्म फुकट भरून देतो."

"आणि चिठ्ठी कधी लिहिली?"

"त्याच संध्याकाळी," अवधूतराव म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "मी फक्त सही केली होती."

रविवारी मांडव पुन्हा भरला. चंद्रप्रभाबाईंच्या पर्समध्ये आता आणखी एक कागद होता. कॉलेजातल्या बसवराज सरांच्या फॉर्मची प्रत त्यांनी मागून घेतली होती. सरांचा चेक अजून यायचा होता आणि लिफाफा बंद होता. महाराजांनी प्रवचन सुरू करायच्या आतच त्या उठून उभ्या राहिल्या.

"महाराज, आज मलाही साक्षात्कार झाला आहे. बसवराज सरांच्या लिफाफ्यातला आकडा मी सांगते. दोन हजार दोनशे पन्नास. फोडा, सर!"

"थांब!" महाराज गरजले. "वेळेआधी फोडला तर आकडा पुसून जाईल! घराला दोष लागेल!"

बसवराज सर फिजिक्स शिकवायचे. लिफाफा हातात धरून ते क्षणभर घुटमळले, मग त्यांनी दोरा ओढून तोडला. आकडा पुसला गेला नव्हता. दोन हजार दोनशे पन्नास.

मांडवातल्या माना चिठ्ठीकडे वळल्या. यज्ञेश तेवढा चपला शोधायला लागला.

"भस्म नाही, समाधी नाही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "मी फक्त सरांचा फॉर्म वाचला. परत किती मागायचे ते यज्ञेश फॉर्मवर टाइप करतो, महाराजांच्या कानात सांगतो आणि महाराज ते चिठ्ठीवर लिहितात. आपण मागितले तेवढेच सरकारने दिले. दिल्ली हलत नाही, फाइल हलते. दान जरूर करा, करात सूटही मागा, तो तुमचा हक्क आहे. पण ज्या वसतिगृहासाठी पैसे दिलेत त्याची एक वीट तरी कुणी पाहिली आहे का? आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर काय होतं, ते तुमच्यापैकी कुणी वाचलं?"

पुढच्या रांगांतली माणसं आपापले लिफाफे चाचपू लागली.

"मंग माजा आकडा काय हाय, महाराज?" मागून केवळाबाईंचा आवाज आला.

महाराज सावरून बसले. "माई, तुझ्या श्रद्धेत खोट राहिली. म्हणून अडलं."

"खोट तिच्या श्रद्धेत नाही!" चंद्रप्रभाबाई कडाडल्या. "शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो. या बाईने जन्मात आयकर भरला नाही, तर सरकार परत काय करणार? तुम्हाला आणि यज्ञेशला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तुम्ही एका पोरीचं शिक्षण गिळलंत."

तेव्हा अवधूतराव उठले आणि म्हणाले, "केवळाबाईंना इथे मी आणलं होतं, महाराज. दानपेटी उघडा."

बसवराज सर मांडवाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मग आणखी चारजण उठले, मग चाळीस. महाराजांनी शाप देऊन पाहिला, रडून पाहिलं, छातीत कळ आल्याचं सोंगही करून पाहिलं. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरसाहेबांनी नाडी बघितली आणि ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. मग कुठे किल्ली निघाली. पावती दाखवून केवळाबाईंनी अठरा हजार मोजून घेतले.

सोमवारी सकाळी क्लासच्या खिडकीवर ही गर्दी. कारकुनाने केवळाबाईंपुढे छापील फॉर्म आणि शाईचा पॅड सरकवला. "इथं अंगठा लावा, मावशी."

"आदी वाचून दावा."

"अहो, मागं किती लोक आहेत!"

"आसू द्या. वाचल्याबिगर म्या अंगठा देत न्हाई."

मागे शिकलेसवरलेले पालक चुळबुळत होते. वैतागलेला कारकून भराभर वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर आला, "एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही."

केवळाबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या पोरीकडे बघितलं आणि भूकंपानंतर पहिल्यांदाच त्या मोकळ्या हसल्या.

"हे बरं हाय," त्या अंगठा शाईत बुडवत म्हणाल्या. "निदान खरं तरी लिवलंय."