पापणी लवू देऊ नकोस

लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? आमच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी बारकीकडे बघायचं, मग माझ्याकडे, आणि मग चुकचुकायचं. बारकी म्हणजे माझी धाकटी नणंद. काचेलगत बसून रफू करायची आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी गळत असायचं. समोरचा किल्लीवाला तर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, पोरीला जरा माया लावा." माया! अहो, दुकानात एकुलता एक टेबलफॅन, तो मी सकाळपासून तिच्या तोंडावर लावून ठेवायचे. मी इकडे इस्त्रीच्या वाफेत उकडून निघायचे आणि वर नाव माझंच खराब.

रफू तिला मीच शिकवलं. लग्न मोडून भावाकडे परत आली तेव्हा दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायची. म्हटलं, ऊठ, सुई धर. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढायचा आणि फाटलेली जागा उभी-आडवी अशी विणून काढायची, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. मला शिकवणाऱ्या मास्तरांनी जे बजावलं तेच मी तिला बजावलं: पापणी लवली की धागा चुकला. सुरुवातीला तिची पापणी हलली की मी फूटपट्टी टेबलावर टक्कन आपटायचे. मारलं नाही हो कधी, नुसता आवाज. पोरगी जिद्दीची. पुढे इतकी तयार झाली की मी गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचे, "बघा, डोळासुद्धा हलत नाही." हात माझ्याही वर गेला तिचा. आणि मुख्य म्हणजे, ती परत हसायला लागली.

मग हे गळणं सुरू झालं. "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय गं वहिनी," म्हणायची. मी म्हणायचे, मोबाईल कमी बघ. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

एक दिवस एका बाईंचा कोट आला, आतून रेशमी अस्तराचा. बारकी वाकून टाके घालत होती आणि टपकन थेंब अस्तरावर पडला. डाग पडला. नेमक्या त्या बाई समोर उभ्या. माझं डोकंच फिरलं. "रडायचं असेल तर घरी रड! भावाला सांगायचंय ना, वहिनी छळते म्हणून? जा, सांग! उद्यापासून नुसती बटणं लाव, सुईला रफूसाठी हात लावायचा नाही!"

"मी रडत नाहीये वहिनी," ती म्हणाली. "बटणं लावते. पण रफू काढून घेऊ नकोस. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

 मी म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू, डॉक्टरच सांगू देत की हिला काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत पिवळं औषध घातलं, निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत."

मला हसूच आलं. "कोरडे? अहो, खाली बादली लावायची वेळ आलीये!"

त्या हसल्या नाहीत. "पापणी मिटली की ओलावा सगळ्या डोळ्यावर पसरतो. त्यावर तेलाचा पातळ थर असतो, तो ओल धरून ठेवतो. हिची पापणी पुरती मिटतच नाही. डोळा सुकतो, चुरचुरतो, मग घाबरून पाणी सोडतो. ते नुसतं पाणी, डोळ्यावर टिकत नाही, वाहून जातं. बुबुळावर बारीक ओरखडे आलेत. असंच चाललं तर सुईचं काम सोडावं लागेल." मग त्यांनी विचारलं, "कामाच्या जागी वारा लागतो का?"

"पंखा असतो. समोरच," बारकी म्हणाली.



"आणि पापणी अशी रोखून धरायची सवय कुणी लावली?"

बारकी लगेच बोलली नाही.  मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले, तोंडात मिठाची गुळणी धरून. शेवटी तीच म्हणाली, "माझीच आहे. पहिल्यापासून."

डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. आणि मी काय करावं? मी मान डोलावली. वर म्हणाले, "कुणाचं ऐकतच नाही हो ती!" माझ्याच तोंडून आलं हे. बारकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुखणं पूर्ण जाणारं नाही, सांभाळायचं आहे, असं त्या म्हणाल्या. थेंब, अधूनमधून लांब बघणं, मुद्दाम पुरती पापणी मिटणं आणि रोज मिटल्या डोळ्यांवर कोमट ओलं फडकं. मी सगळं पाळलं. पंखा भिंतीकडे वळवला. सुई तिच्या हातात परत दिली. फूटपट्टी फडताळात टाकली आणि आता दिवसभर माझाच घोषा, "बारके, पापणी मीट! पूर्ण मीट!" ती हसून मिटते. ओरखडे भरत आले, गळणंही पुष्कळ कमी झालं. परवा किल्लीवाला म्हणाला, "वहिनी, पोरीला माया लावलीत बघा." मी त्याच्याकडे सुटे पैसे मागायला गेले होते, ते न घेताच परत आले.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा ती मागच्या बाकावर पडते, मी फडकं ओलं करून इस्त्रीने जरा गरम करते, आधी माझ्या गालाला लावून बघते, मग तिच्या डोळ्यांवर ठेवते. रोज वाटतं, आज बोलून टाकावं. आणि रोज मी विचारते, "फार गरम नाही ना गं?"

काल फडक्याखालून तीच बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

"वहिनी, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं ना, सवय कुणी लावली? तेव्हा मी जरा थांबले होते."

"का गं?"

"म्हटलं, तू बोलशील."

इस्त्री गरम होती, ती मी उगाचच बंद केली. तिचा हात फडकं काढायला वर आला. मी तो धरला, हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "राहू दे अजून थोडा वेळ."

फडकं केव्हाच गार झालं होतं.