ठोक्यांच्या गल्लीतला अहवाल

गल्लीत बोलायचं म्हणजे ओरडायचंच, हे तांबटाच्या बायकोला लग्न होऊन आली त्याच आठवड्यात कळलं. दोन्ही बाजूंना भांडी घडवणाऱ्यांची दुकानं, आणि सकाळी आठला हातोडे सुरू. आता तीनच दुकानं उरलीत. दुपारी सगळं सामसूम झालं की तिला ते दिवस हटकून आठवतात.

विद्यापीठ भिंतीपलीकडेच होतं, पण त्याचं फाटक गल्लीकडे पाठ फिरवून उभं. एके वर्षी तिथली मुलं-मुली फॉर्म घेऊन आली, घरटी चाळीस प्रश्न विचारले, चहा प्यायली आणि गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी एक प्राध्यापक बाई नवे फॉर्म घेऊन दारात आल्या. तिने त्यांना आत बसवलं आणि विचारलं, "बाई, आधीच्या फॉर्मचं काय झालं?"

"त्याचा अहवाल निघाला."

"उत्तरं आमची, अन् आम्हालाच पत्ता नाही?"

बाईंनी फॉर्म पिशवीत परत ठेवले. मग म्हणाल्या, "बरं, तुम्हीच सांगा. आम्ही काय शोधायला हवं?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "आमची माणसं बहिरी होतायत का ते बघा. आमचे हे म्हणतात, मीच हल्ली पुटपुटते."

महिन्याभरात बाई कान तपासायचं मशीन घेऊन आल्या. पण पुरुष काही बसेनात. भर चाळिशीत म्हातारपण कबूल कोण करणार? शेवटी बाईंनी मशीन तिलाच शिकवलं. शिक्षण सातवीपर्यंत, पण आठ दिवसांत ती आलेख काढू लागली. पहिला बकरा घरातलाच. तिने नवऱ्याच्या कानांना हेडफोन लावला.

"आवाज आला की बोट वर करायचं."

तो डोळे मिटून शहाण्यासारखा बसला. बारीक आवाज एकामागून एक वाजत गेले, बोट हललं नाही.

"मशीन चालू आहे ना?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली आणि कागद त्याच्यापुढे धरला. रेघ उतारावरून घसरावी तशी खाली गेली होती. त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे तू पुटपुटत नव्हतीस."

"नाही."

"उगाच चिडत होतो तुझ्यावर."

दुसऱ्या दिवशी तोच चौघांना हाताला धरून घेऊन आला. बघता बघता एकशे बारा जणांचे कान तपासून झाले. हातोडे थांबवून बाईंनी अहवाल गल्लीतच वाचून दाखवला. त्यावर बाईंच्या नावाशेजारी तिचं नाव छापलेलं होतं. विद्यापीठातल्या वर्कशॉपच्या मुलांनी ऐरणींखाली जाड रबर बसवलं, कानांवर लावायला टोपणं आणली. "भांडं मुकं झालं," म्हणून म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण पोरांनी टोपणं लावली. तिचा मुलगा आज पन्नाशीत आहे, आणि सुना स्वयंपाकघरात कुजबुजल्या तरी त्याला दुकानात ऐकू जातं. त्यांची तीच तक्रार.

नवऱ्याचे कान मात्र परत आले नाहीत. मग ती रोज कामं आटोपून त्याच्यासमोर बसायची, चेहरा उजेडात धरून सावकाश बोलायची, आणि तो तिच्या ओठांकडे बघत ऐकायचा. तरुणपणी झालं नव्हतं इतकं बोलणं त्या दोघांचं त्या वर्षांत झालं.